सात पूर्णांक चार

मिलिंदभाऊंना जाऊन सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला तेव्हा मी शाळेला निघत होते. "मॅडम, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बीबी गावातल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते आणि मी विज्ञानाची शिक्षिका. ते दहावीपर्यंत शिकलेले, मी एम.एस्सी. अठरा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं, आणि त्यात शिकवत कोण होतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी नवीन असताना मुलांची सहल लोणारच्या सरोवरावर गेली होती. भाऊंनी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या खिशातून आणल्या होत्या. एक पट्टी त्यांनी पाण्याला टेकवली आणि पिवळा कागद डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. मुलं ओरडली. मी लगेच सामू म्हणजे पीएच, आम्लारी, क्षार असं समजावू लागले. भाऊ मात्र त्या हिरव्या पाण्याकडे बघत बसले होते. "मॅडम, ह्या पाण्यानं आपले डोळे चुरचुरतात. अन् याच्यातच कोनाचा तरी संसार चालू हाय. हा हिरवा रंग त्याईचाच," ते म्हणाले.

मग ती चुन्याची दुपार. सव्वीस जानेवारीसाठी भिंती रंगवायच्या होत्या, पिंपात चुना विरत होता. नववीतली साक्षी जवळून गेली, चुना उसळला आणि तिच्या डोळ्यात गेला. ती जमिनीवर कोसळून किंचाळत होती. चुना आम्लारी, त्याला सौम्य आम्ल हवं, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी ॲसेटिक आम्लाची बाटली घेऊन धावले. भाऊंनी माझा हात धरला.

"मॅडम, थे टेस्ट ट्यूबमंदी. हा डोळा हाय."

त्यांनी साक्षीला नळाखाली आडवं धरलं, बोटांनी पापणी उघडी ठेवली. "हलू नको बेटा, झालंच." अर्धा तास नुसतं पाणी. गाडी येईपर्यंत त्यांनी नळ बंद करू दिला नाही. तिची नजर वाचली. डॉक्टर म्हणाले, पाण्यानंच वाचवलं. मी बाटली जागेवर ठेवून दिली. भाऊ त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांच्या किडन्या गेल्या. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा त्यांचा श्वास खोल आणि भरभर चालला होता, लोणारच्या विवराची चढण चढून आल्यासारखा. उशाशी रक्ताच्या सामूचा रिपोर्ट होता.

"आकडा किती?" भाऊंनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"काऊन लपवता, मॅडम?"

मी सांगितला. सात पूर्णांक एक. निरोगी रक्ताचा असतो सात पूर्णांक चार. त्यांनी डोळे मिटले. घाबरले असतील असं मला वाटलं, पण चेहरा लोणारच्या काठावर होता तसाच झाला होता. थांबत थांबत ते बोलले, "साठ वर्सं... सात पूर्णांक चार. मी झोपलो, भांडलो, ठेचा खाल्ला... ह्या अंगानं आकडा हलू देला नाई. अन् मले पत्ताच नाई." मग छातीवर हात ठेवला. "आताबी पाहा. हा दम मी नाई घेऊन राह्यलो. थे आम्ल बाहेर फेकून राह्यलं... अजून हारलं नाई."

चार दिवसांनी ते गेले.

परवा दहावीला सामू शिकवायचा होता. खडू हातात घेतला आणि परत ठेवला. मी मुलांना म्हटलं, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, आणि हळूच सोडा. सगळ्या वर्गाचा श्वास एकदम सुटला. "आत्ता तुमच्या रक्तातलं थोडं आम्ल कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर गेलं," मी म्हणाले. "आम्ल बाहेर फेका असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी." मागच्या बाकावरच्या एका मुलीनं, कुणी न सांगता, आपला हात छातीवर ठेवला.