दर आठवड्याची आना

डॉक्टर सायलीवर अन्याय झाला. गेल्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, सकाळची पाळी सुरू होताना, जर्मनीतल्या हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका इस्पितळात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटतात. सायली माझी बायको. मी तिच्यासोबत होतो, म्हणून हे प्रवासवर्णन. निसर्गही येईल त्यात, काळजी नसावी.

सोमवारी दुपारी आम्ही ब्राउनश्वाइगहून निघालो. मी इथल्या विद्यापीठात पीएचडी करतो. सायली पुण्याची एमबीबीएस. इथली भाषेची परीक्षा झाली, वैद्यकीय ज्ञानाची झाली, डॉक्टरकीचा परवानाही हातात आला. राहिली होती फक्त रेसिडेन्सीची जागा. सगळीकडून एकच उत्तर यायचं: जर्मनीतला अनुभव नाही. पेशंटला हात लावून तिला दोन वर्षं होत आली होती. आणखी एक वर्ष असंच गेलं तर कोणी मुलाखतीलाही बोलावणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. या गावाने बोलावलं होतं. आधी होस्पिटात्सिओन (पाहुणा म्हणून वॉर्डातलं काम बघणं), मग मुलाखत.

अर्ध्या वाटेवर रेल्वे संपली. पुढे रुळांची दुरुस्ती चालली होती, म्हणून बदली बस. बस चढायला लागली आणि सायलीने माझी बाही धरली. बाहेर डोंगरच्या डोंगर मेलेले होते. किडीने सगळी स्प्रूसची सूचिपर्णी झाडं खाल्ली होती, पण ती पडली नव्हती. साल नाही, पान नाही, नुसते राखाडी खांब धुक्यात उभे. वाऱ्याने एकही हलत नव्हता.

बसमध्ये आम्ही दोघंच. ड्रायव्हरने आरशातून आमची बॅग बघितली.

"क्लिनिक ना? पेन्सिओनसमोर उतरवतो."

आम्ही तोंडही उघडलं नव्हतं.

पेन्सिओन म्हणजे घरगुती लॉज. मालकीणबाईंनी पासपोर्ट बघायच्या आधीच किल्ली पुढे केली. "डॉक्टरांची खोली." सकाळी नाश्त्याला इतर टेबलांवर हॅमच्या चकत्या, आमच्या टेबलावर फक्त चीज, ब्रेड, टोमॅटो. मिठाशेजारी लिंबाच्या लोणच्याची अर्धी बाटली. लेबल देवनागरीत.

"आपण शाकाहारी आहोत हे तू बुकिंग करताना कळवलं होतंस?" सायलीने हळूच विचारलं.

"मी? मला वाटलं तू."

मालकीणबाई कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "तुमच्या आधीच्या डॉक्टरीणबाई विसरल्या. घ्या ना. संपवायला हवं."

"कधी आल्या होत्या त्या?"

"मागच्या आठवड्यात. का त्याच्या मागच्या?" बाई विचारात पडल्या. "तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता हो."

आदल्या संध्याकाळी माझ्या आईचा फोन येऊन गेला होता. सुनेला तिचा एकच कानमंत्र. "सायली, काम दिसलं की सांगायची वाट बघायची नाही. आपण हात पुढे करायचा. माणूस कसा आहे ते लोकांना त्यातूनच कळतं."

"हो, आई."

हा मंत्र आपल्याकडे घराघरात देतात. नवी सून, नवी नोकरी, नवा शेजार, सगळ्याला हेच औषध. त्या वॉर्डात हा मंत्र पाठ असलेल्या बायकांचीच वाट बघत होते.

इस्पितळाची काचेची दारं आपोआप उघडली. स्वागतकक्षात कोणी नाही. कॉरिडॉरमध्ये दिवे आपण चालू तसे पुढे लागत आणि मागे विझत. त्यामुळे मागे वळून पाहिलं की आपण आलो ती वाट काळी. वॉर्डाच्या दाराशी मुख्य नर्स उभी होती. तिने सायलीच्या हातात पांढरा कोट दिला. छातीवर पट्टी होती, 'गास्ट' म्हणजे पाहुणा. नावाला जागाच नव्हती.

"गुटन मॉर्गन, आना. ट्रॉली तिथे आहे. सगळ्या खोल्यांमधलं रक्त घ्यायचंय."

"मी सायली."

"जा, जा. पाहुण्यांना इथे आम्ही आनाच म्हणतो. नाहीतर दर आठवड्याला नवं नाव पाठ करत बसायचं."

"पण मी तर फक्त बघायला..."

"बघालच की."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: घे. तिने ट्रॉली ढकलली.

दुपारी मी डबा घेऊन वर गेलो. सकाळपासून ती बसली नव्हती. शेवटची खोली सोडून सगळ्यांचं रक्त घेऊन झालं होतं, सलाइनच्या सुया, ईसीजी, आता तपासण्यांच्या नोंदी टाइप करत होती. वॉर्डाचा नेमलेला डॉक्टर कुठे, विचारलं. आजारी आहे म्हणे. केव्हापासून? कोणालाच आठवत नव्हतं.

शेवटच्या खोलीत खिडकीपाशी एक आजी होत्या. सायलीला बघताच त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आना! सोमवारी येते म्हणालीस आणि आज उगवलीस होय?"

"आजी, मी पहिल्यांदाच आलेय."

"असं दरवेळी म्हणतेस." त्यांनी बाही वर केली. कोपरापाशी जुने-नवे डाग, पिवळे, हिरवे, जांभळे. "डावीकडची शीर नको. ती तू गेल्या वेळी फोडलीस." मग माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "आणि नवरा बदललास वाटतं. आधीचा उंच होता."

मी हसलो. सायली हसली नाही. तिने उजव्या हाताची शीर शोधली.

बुधवारी तेच. मुलाखत दुपारी झाली. शेफआर्त्स्ट (विभागाचे मुख्य डॉक्टर) अगदी सभ्य गृहस्थ. काय बोलणं झालं ते सायलीने बाहेर येऊन शब्दन् शब्द सांगितलं.

"आम्ही अतिशय समाधानी आहोत."

"म्हणजे जागा मिळेल?"

"आल्झो, म्हणजे असं... जागा प्रशासनाने मंजूर करायला हवी. आम्हीही कधीपासून वाट बघतोय."

"माझ्या आधी किती जणी येऊन गेल्या?"

ते खिडकीबाहेरच्या मेलेल्या झाडांकडे बघत राहिले. "तोवर वॉर्ड चालायला तर हवा ना," ते म्हणाले.

भूत असतं तर परवडलं असतं. भूत निदान कोणाला रीतसर आमंत्रण देऊन बोलावत नाही.

परतीची बस पेन्सिओनसमोरच आली. चार वाजले नव्हते तरी अंधारून आलं होतं. बसमधून बॅग ओढत एक तरुणी उतरली. ट्युनिशियाची, डॉक्टर. सायलीने तिला थांबवलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं: कोट, ट्रॉली, नसलेली जागा. "जाऊ नकोस."

ती शांतपणे ऐकत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझी मैत्रीण इथे येऊन गेलीय. पण तुझ्याकडे दुसरा पत्ता आहे का?"

सायलीकडे नव्हता. ती तरुणी बॅग ओढत धुक्यात गेली. ती पोचायच्या आधीच पेन्सिओनच्या दारातला दिवा लागला.

ट्रेन मिळाली. मग सायली म्हणाली, "त्या आजींना मी म्हणाले, सोमवारी येते."

"का म्हणालीस?"

"रडायला लागल्या होत्या रे. मग काय म्हणू?"

ब्राउनश्वाइगला पोचेपर्यंत ती स्वतःची बोटं न्याहाळत होती, दुसऱ्याची असल्यासारखी.

नकार पुढच्या आठवड्यात आला. कारण: प्रत्यक्ष कामाचा जर्मनीतला अनुभव नाही. मी ते मोठ्याने वाचलं. तोवर मला वाटायचं, पिळवणूक ओरडत येते, लाथा घालते. इथे ती नम्रपणे कोट पुढे करते, आणि आपल्या चांगुलपणाचं माप तिने आधीच घेतलेलं असतं.

आता आणखी एका गावाने सायलीला होस्पिटात्सिओनला बोलावलंय. तिने लिहून कळवलं: बघायला येईन, पेशंटला हात लावायचा असेल तर आधी करार. उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. तिला झोप लागत नाही, तरी तिने ते वाक्य मागे घेतलेलं नाही.

ती एकटी असं म्हणाली तर एक उमेदवार कमी होते, इतकंच. सगळ्या म्हणाल्या तर त्या वॉर्डाला डॉक्टर नेमावाच लागेल. म्हणून हे वाचणाऱ्या डॉक्टरांनो, त्यांच्या नवऱ्यांनो, बायकांनो, घरून फोनवर कानमंत्र देणाऱ्या आयांनो: कराराशिवाय सुई धरू नका, धरायला सांगू नका. आणि तुम्ही अशा वॉर्डात राबून आला असाल, तर लाज गिळून गप्प बसू नका. पुढे कोण जाणार आहे ते शोधा, आणि ती बसमध्ये चढायच्या आत तिला फोन करा.