रांजणाची किल्ली माझ्याजवळ होती

हे सांगायचं मी चाळीसएक वर्षं टाळलं आहे. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती आता नाही. या सदरात लोकांचे अनुभव वाचतो तेव्हा बरेचदा वाटतं, वीज गेली असेल, मांजर असेल, थकलेल्या माणसाचा भास असेल. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. मी आयटीआय केलेला वायरमन. दिवा का लागला आणि का विझला याचं कारण शोधण्यात जन्म गेला. कारण सापडलं नाही असं एकदाच झालं... आणि तेव्हा मी ते शोधायचंच टाळलं, कारण शोधलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. ऑफिसांच्या पाट्यांचा रंग ओला, साहेब लोक बाहेरगावाहून बदलून आलेले, भाड्याची घरं मिळत नव्हती. आणि पाऊस नव्हता. त्याच दिवसांत एका डॉक्टरांनी दुमजली घर भाड्यानं घेऊन निसर्गोपचार केंद्र काढलं. मातीचा लेप, एनिमा, मालिश, आणि सगळ्यांत नावाजलेली प्रकाशस्नानाची पेटी. ती मी बांधली होती. आज ज्याला इन्फ्रारेड सौना म्हणतात, त्याचंच ते गरिबाघरचं रूप. माणूस आत स्टुलावर बसेल एवढी सागवानी पेटी, आतून पत्रा ठोकलेला, चारी बाजूंनी साठ वॅटचे बल्ब. मान तेवढी वरच्या भोकातून बाहेर. पाणी लागत नाही, वाफ लागत नाही, म्हणून दुष्काळात पेटीला गर्दी जास्त. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "ही उष्णता हाडापर्यंत जाते. सांधे मोकळे होतात."

पाणी लागत नाही हे पूर्ण खरं नव्हतं. पेशंटला आधी एक तांब्या पाणी पाजायचं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवायचा, आणि वीस मिनिटांत बाहेर काढायचं. आत कोणी असताना पेटीपासून हलायचं नाही, असा डॉक्टरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. कारण दाराची कडी बाहेरून, गुडघ्याच्या उंचीवर होती. आतल्या माणसाचे हात आतच. कडी लावली नाही तर दार फुगून उघडायचं आणि गरमी निघून जायची. ती कडी मीच बसवली होती.

पिण्याचं पाणी मागच्या खोलीत रांजणात, खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे. केंद्रात कौसाबाई नावाच्या बाई झाडलोटीला होत्या, टॉवेलही त्याच धुवायच्या. रांजणाला त्यांनी हात लावायचा नाही, हा तिथला न बोललेला नियम होता. का, ते इथल्या वाचकांना सांगावं लागणार नाही. त्यांना तहान लागली की मी वरून ओंजळीत पाणी ओतायचो. मी त्यातलाच होतो, हेही लिहून टाकतो.

त्या दिवशी दुपारी निलंग्याहून एक रिटायर मास्तर आले होते. गुडघे धरलेले. गप्पिष्ट माणूस. पेटीत बसता बसता म्हणाले, "वायरमन, आजवर पोरांना कोंबडा करून उन्हात उभं केलं. ते सगळं आज फेडून घ्या माझ्याकडून." मी हसलो. टॉवेल ओला करून डोक्यावर ठेवला, कडी लावली, भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा वर केला.

चार-पाच मिनिटं झाली असतील, आणि टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, पण किती वाजता त्याचा नेम नव्हता. बायको बाळंत होऊन पंधरा दिवस झालेले, घरात दुसरं कोणी नाही, सकाळीच घागर खरवडून झाली होती. टँकर उभा राहायचा ती जागा मागच्या गल्लीच्या तोंडाशी, माझ्या खोलीसमोर. मी मास्तरांना म्हणालो, "आलोच." मनात हिशेब केला, जायला दोन मिनिटं, भरायला पाच, यायला दोन. पेटी उघडून मास्तरांना बाहेर बसवून जाता आलं असतं. पण मग डॉक्टरांना कळलं असतं.

तिथं गेलो तर रांग लांब. कौसाबाई पुढून तिसऱ्या. टॉवेल वाळत घालून त्या दुपारी घरी जायच्या, तशा आलेल्या. मला बघून म्हणाल्या, "दादा, तुमी इथं? पेटीत कोन हाय?"

"निलंग्याचे मास्तर."

"आन् कडी?"

मी रांगेची लांबी बघत होतो.

त्या रांगेतून बाजूला झाल्या. "या, माझ्या नंबरावर भरा. बिगीनं भरा आन् पळा. मानूस शिजून जाईल की वो." मागची एक म्हातारी कुरकुरली, "आमी काय इथं तमाशा बगाया हाव व्हय?" त्यावर कौसाबाई म्हणाल्या, "मी जाते की मागं, तुझं काय चाललंय मावशे." आणि खरंच रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

तरी वेळ लागला. टँकरची नळी निसटली, भांडण झालं, पुढच्या बाईची घागर सांडली. दोन घागरी घरात ठेवून मी पळत निघालो तेव्हा वळून पाहिलं होतं. कौसाबाई रांगेच्या शेवटी उभ्या होत्या, कमरेला रिकामी घागर, नजर माझ्याकडे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एकूण पाऊण तास गेला होता.

केंद्रात आलो तर पेटीचं दार सताड उघडं. जमिनीवर पाणीच पाणी. सात बल्ब फुटलेले. मेन स्विचचा दांडा खाली. मास्तर भिंतीला टेकून बसलेले, उघडेबंब, लालबुंद, पण शुद्धीवर. डोक्यावर टॉवेल, ताजा भिजवलेला, पाणी गळत होतं. बाजूला रांजणावरचा पितळी तांब्या.

"मला कोंडून कुठं गेला होता बाबा?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हाका मारून मारून घसा बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती बाई आली म्हणून वाचलो."

"कोणती बाई?"

"तुमची झाडणारी. हिरवं लुगडं. मी आलो तेव्हा दारात टॉवेल वाळत घालत होती ती. तिनं दांडा ओढला, कडी काढली, अख्खी घागर अंगावर ओतली. मग पाणी पाजलं. म्हणाली, मास्तर, घाबरू नका, वायरमन दादा येतायत."

मी कमरेला हात लावला. किल्ली करगोट्याला होती. मागच्या खोलीकडे गेलो. कुलूप बंद. उघडून आत पाहिलं, रांजण सकाळी गळ्यापर्यंत होता, आता बरोबर एक घागर उतरला होता. त्या कुलपाला दुसरी किल्ली नव्हती, कुलूप मीच आणलेलं.

कोणी म्हणेल मास्तरांना भ्रम झाला. होऊ शकतो. भ्रमानं मेन स्विच पडत नाही. वीज गेली असती तर दांडा वरच राहिला असता. आणि ते सगळं पाणी कुठून आलं?

हे मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. ते तासाभरानं आले, फुटलेले बल्ब आणि ओली जमीन पाहिली आणि पांढरे पडले. मास्तर त्यांना मोठ्या कृतज्ञतेनं तीच हकीकत सांगत सुटले, कौसाबाईंनी कसं वाचवलं ते. बिचाऱ्यांना कळलं नाही की आपल्या एकेका वाक्यानं त्या बाईचं काम जात आहे. डॉक्टरांच्या लेखी गुन्हे दोन: विजेच्या मशीनवर पाणी ओतलं, म्हणजे करंट लागून दोघं मेली असती. आणि रांजणाला हात लावला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "तू कुठं होतास?"

"लघवीला गेलो होतो. दोन मिनिटं."

"आणि किल्ली?"

"खिळ्याला अडकवली होती."

मास्तरांना आत किती वेळ गेला याचं भान नव्हतं. एवढी दोन वाक्यं. त्यांच्यावर माझी नोकरी टिकली.

पाचला कौसाबाई झाडायला आल्या. लुगडं हिरवंच होतं, कोरडं ठणठणीत. मास्तरांनी त्यांना पाहून हात जोडले, म्हणाले, "हीच. बाई, तुमच्या हातचं पाणी प्यालो म्हणून मी आज बोलतोय." कौसाबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"म्या न्हाई पाजलं."

"अहो, मी ओळखतो ना तुम्हाला."

"मास्तर, तुमी वाचलात, लई चांगलं झालं. पर मी टँकरवर व्हते. हे दादाबी व्हते की तिथं. मी माझा नंबर दिला ह्यांना." त्या माझ्याकडे वळल्या. "सांगा की वो दादा."

मी फुटलेल्या बल्बांच्या काचा गोळा करत होतो. मान वर न करता म्हणालो, "मी कुठं गेलो होतो टँकरवर?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. राग नव्हता नजरेत. आपल्याला नीट ऐकू आलं की नाही, असं बघतात ना माणसं, तसं.

डॉक्टर म्हणाले, "केलं असलं तर कबूल कर ना. मास्तर तुझी बाजूच घेतायत." मास्तरही म्हणाले, हो म्हणा बाई, मी तुमचं काम जाऊ देत नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर कदाचित राहिल्याही असत्या. पण त्या म्हणाल्या, "जे म्या केलं न्हाई ते केलं म्हनून कसं सांगू? इचारा की गल्लीत."

गल्लीत कोणी विचारलं नाही. कौसाबाईंनी झाडू कोपऱ्यात उभा केला, ओले टॉवेल पिळून दोरीवर टाकले आणि गेल्या. खोटारडी म्हणून त्यांचं नाव झालं. दुसरीकडे कोणी कामाला ठेवताना या डॉक्टरांकडे चौकशी करायचे, आणि डॉक्टर सांगायचे.

पाच-सहा वर्षांनी त्या मला निलंग्याच्या स्टँडवर भेटल्या. मी तोवर वीज बोर्डात लागलो होतो. त्यांनीच ओळखलं.

"दादा, पोरगं केवढं झालं?"

"शाळेत जातंय."

"आन् ते मास्तर? हायती का?"

"आहेत. बरे आहेत."

"बरं झालं," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "दादा, एक इचारू? त्या दिवशी मला रांगेत उभ्या उभ्या लई गुदमरल्यावानी झालं व्हतं. अंगाची आग आग. म्हातारी म्हनली, खाली बस. ते काय असंल वो?"

मी समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिलो. देवणीची गाडी लागली, त्या पिशवी उचलून चढल्या. खिडकीतून हात केला. मी हात वर केला. एवढंच.

आता मी मुलाकडे नांदेडला असतो. मागच्या उन्हाळ्यात सूनबाईंनी माझ्या गुडघ्यांसाठी एका वेलनेस सेंटरमध्ये नेलं. लाकडी केबिन, काचेचं दार, आत लाल उजेड. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, इन्फ्रारेड आहे. पाणी नाही, वाफ नाही. हीट थेट सांध्यापर्यंत जाते." तेच वाक्य. मी विचारलं, "कडी बाहेरून आहे का?" ती हसली. "कडीच नाही आजोबा, ढकललं की उघडतं." थांबायला सूनबाई होत्याच. मी बसलो.

दहा मिनिटांनी असेल, छातीत धडधडायला लागलं. दार ढकलायचं होतं, हात उठेना. काचेपलीकडे सूनबाई पाठमोऱ्या बसलेल्या दिसत होत्या, हाक फुटेना. आणि डोक्यावर गार, जड, ओलं काहीतरी ठेवलं गेलं. पाण्याचा ओघळ मानेवरून पाठीत उतरला. कोणी दिसलं नाही, कोणी बोललं नाही. जीव थाऱ्यावर आला तसं दार ढकलून बाहेर आलो. मुलगी म्हणाली, "आजोबा, केस एवढे कसे भिजले? पाणी नेलं होतं का आत?" सूनबाई म्हणाल्या, घाम आहे. असेल. पण घाम गार नसतो. रांजणातल्या पाण्याला एक मातीचा वास असतो, तो मला घरी येईपर्यंत येत होता.

पुढच्याच आठवड्यात विचारत विचारत देवणीला गेलो. कौसाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक अंगणवाडीत कामाला आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी कौसाबाईंचा. मी म्हणालो, लातूरला तुमच्या आईबरोबर कामाला होतो. तिनं खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं, आणि मी पितो की नाही हे बघत उभी राहिली. मी सगळं पाणी प्यालो.

मग तिनं विचारलं, "काका, तुमी व्हतात ना तिथं. आई शेवटपर्यंत म्हनायची, मी न्हवतेच तिथं, मी टँकरवर व्हते. आमाला वाटायचं, केलं असंल घाबरून आन् आता नाही म्हनतीय. खरं काय झालं व्हतं?"

इतक्या लांब मी तेवढ्याचसाठी गेलो होतो. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बाई. नीट आठवत नाही." परतीच्या गाडीत बसल्यावर सगळी वाक्यं एकामागून एक आठवली.

त्या दिवशी पेटी कोणी उघडली, बंद कुलपाआडचं पाणी बाहेर कसं आलं, आणि नांदेडला माझ्या डोक्यावर काय होतं, यातलं काहीही मला आजही समजावून सांगता येत नाही. जे सांगता येत होतं ते मी सांगितलं नाही. ते हे, आणि कौसाबाईंच्या लेकीनंही ते वाचावं: कौसाबाई, तुम्ही टँकरवर होता. मी तुमच्या नंबरावर पाणी भरलं. किल्ली माझ्या कमरेला होती. खोटं मी बोललो. मला माफ करा.