आक्काच्या मागाचे ठोके

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला सांगते – तुम्ही आक्काला पाहिलेलं नाही, म्हणून जरा धीर होतो.

आमचं विणकरांचं जुनं गाव मार्कंडेय नदीच्या काठाला होतं. शेजारच्या आक्काची आणि आमची भिंत एकच. इकडं माझा माग, पलीकडं तिचा. पहाटे तिच्या मागाचे ठोके सुरू झाले की सासूबाई म्हणायच्या, "ऐक, तिचं निम्मं लुगडं झालं असंल." दहा वर्षं हाच टोमणा. आक्काचा त्यात काय दोष? तोंडाची फटकळ, ताकात मीठ नेहमी जास्त, पण माया करावी तर तिनंच.

पूर आला तेव्हा घरची माणसं बाजारला गेलेली. मी विणत होते. मागाच्या खड्ड्यात पाणी भसकन शिरलं आणि माझा पाय खालच्या पावड्यांत, पायानं दाबायच्या पट्ट्यांत, अडकला. मी ओरडले, ते आक्काला ऐकूच गेलं नाही. पण माझे ठोके थांबलेले तिला कळले – धावत आली, मला ओढून वर काढलं.

गाव वाहून गेलं. सरकारनं उचगावच्या वाटेला, माळावर नवी पेठ आखली. मोजणीदार घरं नेमून देत होता. तो कानडी बोलणारा. आक्का सांगलीकडची, तिला कानडीचं अक्षर कळत नसे. ती म्हणाली, "त्याला सांग गं, आमची भिंत एकच ठेव म्हणावं."

आणि मी काय सांगितलं? आमचं पटत नाही, दोघींना दोन टोकांना टाका – असं सांगितलं. कानडीत. आक्का शेजारीच उभी होती, माझा हात धरून, त्याच्याकडं बघून हसत.

मग तीस वर्षं ती ताकाचा तांब्या घेऊन सगळी पेठ तुडवत माझ्याकडं यायची. पायरीवर बसून मोजणीदाराचा उद्धार करायची. मीही करायचे, तिच्यापेक्षा चार शब्द जास्तच. ताक मात्र खारट असलं तरी सगळं प्यायचे. तिच्यावर माझा जीव होता हो – खरंच होता.

गेल्या साली तिनं अंथरूण धरलं. मी पाय चेपत बसले होते. म्हणाली, "त्या मेल्यानं लांब टाकलं गं आपल्याला. तुझा माग ऐकून लई वर्षं झाली."

मी म्हणाले, "व्हय आक्का. त्यानंच."