बांधलेल्या लाँचचा प्रवास

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, उंटावरचे शहाणे. कॉम्प्युटरच्या दुकानात सहा महिने काय बसले, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. त्यांचा हात लागलेलं यंत्र पुन्हा धड चाललेलं मी पाहिलेलं नाही. पण पडले जावई. आमच्या घरात जावई चुकत नसतो.

अण्णा खाडीपलीकडे माणसांची लाँच नेतात. मी त्यांची मुलगी, दोर सांभाळते. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की घर सोडून निघतात. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. एक दिवस अण्णा तीस माणसांसकट लाँच त्यांवर घालतील, ही भीती मला खात होती. म्हणून लाँचवर जुना लॅपटॉप, नकाशाचं सॉफ्टवेअर आणि जीपीएस रिसीव्हर आणला. आपण कुठे आहोत ते मोठं दिसलं असतं. जोडायला अर्थातच भाऊजी!

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं : आधी कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्या, मगच रिसीव्हर जोडा, नाहीतर कॉम्प्युटर त्याला माउस समजतो. मी वाचून दाखवलं.

"पुस्तिका ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असते," भाऊजी म्हणाले आणि नेमकं उलटं केलं.

पडद्यावरचा बाण सैरावैरा पळू लागला, नको त्या फायली उघडू लागला. भाऊजींनी तीन माउस बदलले. तिन्ही खराब म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी रिसीव्हरची वायर उपटून खिशात घातली आणि सॉफ्टवेअरमधलं सरावाचं, म्हणजे नकाशावर लुटुपुटीची होडी चालवणारं, बटण दाबलं. पडद्यावरची होडी ऐटीत निघाली.

"झालं बघा, अण्णा!"

"भाऊजी, आपण अजून धक्क्याला बांधलेले आहोत."

"वर उपग्रह फिरतात ना? तेवढं सरकणारच."

मला चीड आली.

"तू गप्प बस गं," अण्णा म्हणाले. "जावईबापूंना कळतं."

माणसं चढून बसली होती. अण्णांनी इंजिन सुरू केलं. मी मुद्दामच दोर सोडला नाही. लाँचला हिसका बसला. दोर अण्णांच्या समोर, हातभर अंतरावर, खांबाला ताणून उभा होता आणि अण्णा सरळ त्याच्याकडेच बघत होते.

"दोर सोडलास ना गं?" त्यांनी विचारलं.

मी इंजिन बंद केलं आणि माणसांना उतरायला सांगितलं. मागे भाऊजी खडक ओलांडल्याचं जाहीर करत होते.