कोरससरांचा निरोप्या

कोरससर हजेरी घेत नसत. वर्गात आले की खिडकीपाशी उभे राहून विचारायचे, "गाव आलंय का?" आणि आम्ही एका सुरात म्हणायचं, "आलंय." एखादा आवाज मागेपुढे झाला तर पुन्हा. यात बाहेर चहा पीत बसलेल्यांचीही हजेरी लागून जाई, त्यामुळे प्राचार्य त्यांच्यावर कायम उखडलेले. सरांना त्याचं काही नव्हतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकात गावची माणसं एकत्र उभी राहून एकत्र बोलत, त्यांना कोरस म्हणत. सरांच्या लेखी आम्ही तेच होतो. बोईसरच्या कॉलेजात हे असलं शिकवायला माणूस यावा, तोही तासिकेवर, म्हणजे बघा.

त्यांचा तास जेवणानंतरचा. अर्धा वर्ग पेंगत असे आणि सर डोळे मिटून बोलत. डोंगरउतारावर दगडी पायऱ्या, भर उन्हात बसलेलं सगळं शहर, खाली गोल अंगण, मुखवट्यांतून येणारे आवाज. ऐकता ऐकता खिडकीबाहेरची धुरांडी विरून जात आणि आपण त्या पायऱ्यांवर बसलोय असं मला खरंच वाटे. मग कारखान्यातल्या पाळीचा भोंगा वाजे. सर डोळे उघडून आमच्याकडे असे बघत, की आम्ही इथे कसे, हा प्रश्न आम्हालाच पडावा.

"त्यांच्याकडे मरण दाखवत नाहीत," ते सांगत. "मरण आत घडतं. बाहेर येतो निरोप्या, आणि तो फक्त सांगतो." कोरसने ऐकायचं, हळहळायचं, पण मधे पडायचं नाही. हा नियम त्यांनी इतका घोकवला, की बेटेगावची माझी मैत्रीण घरात आई-काकूचं वाजलं तरी "मी कोरस" म्हणून बाजूला बसायला लागली. तिच्या आईने सरांचा उद्धार केला तो वेगळाच.

आता माझ्या घरचं सांगते. मी मुरब्याची, दर्याकाठच्या कोळ्यांच्या गावची. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी बाबांची बोट उलटली. सोबतचे दोघे वाचले, बाबा सापडलेच नाहीत. आय मानायलाच तयार नव्हती. बोटी लागायच्या वेळी रोज बंदरावर जायची, उभी राहायची, परत यायची. त्या दोघांनी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही. गावानेही नाही. कोणी विचारलं तर आय म्हणायची, "येल तो," आणि माणसं मान हलवायची. मीही हलवायचे. ती अशीच वाट बघत म्हातारी होईल, याची मला भीती वाटत होती.

शेवटच्या वर्षी सरांनी ग्रीक धर्तीवर स्वतःच एक नाटक लिहिलं. समुद्रापार लढायला गेलेला राजा, वाट बघणारी राणी. माझा आवाज खणखणीत, म्हणून मला निरोप्या केलं. राणी बेटेगाववाली. माझ्या घरचं सरांना ठाऊक नव्हतं. प्रयोग उघड्यावर, दिवसाउजेडी, समुद्र दिसेल अशा जागी व्हावा हा त्यांचा हट्ट होता, आणि आमच्या गावात बोंबील टांगून वाळवायच्या बांबूच्या वलांड्यांजवळची मोकळी जागा मी सुचवली. का सुचवली ते तेव्हा मला कळत नव्हतं, असं म्हणाले तर ते खोटं होईल.

संध्याकाळचं ऊन कललं होतं. बायका वाळूत पाय पसरून बसल्या, आय सगळ्यात मागे, एकटी. पुठ्ठ्यांच्या मुखवट्यांना पोरं हसली. मी धावत आले, राणीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुझा राजा बुडाला. मी डोळ्यांनी पाहिलं. आता वाट बघू नकोस." म्हणताना मी राणीकडे बघत नव्हते.

यापुढे राणीचा दोन पानी विलाप होता. तो झालाच नाही. आमच्याकडे दर्यावरून बुडाल्याची खबर आली की त्या घरच्या बाईला कोणी एकटं बसू देत नाही. बायका सवयीने उठल्या आणि सरळ नाटकात शिरल्या. एकीने राणीचा मुखवटा काढला, दुसरीने तोंडाला पाणी लावलं. बेटेगाववाली भांबावून बघत राहिली. मग शेजारच्या काकीचं लक्ष माझ्याकडे गेलं, माझ्या नजरेमागून आयकडे गेलं. ती राणीला सोडून तिकडे निघाली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या आणि आयभोवती बसल्या. आयने हंबरडा फोडला. सर वही छातीशी धरून उभे होते. त्यांनी नाटक पुढे नेलं नाही.

नंतर त्यांना सगळं कळलं. आधी माझ्यावर चिडले, मग स्वतःवर. म्हणाले, "मी इतकी वर्षं कोरस चुकीचा शिकवला." मला मात्र वेगळीच धास्ती होती. आय रडली होती, पण बोलली नव्हती. बंदरावर जायची थांबली, तरी बाबांचा विषय निघाला की उठून जायची.

त्या उन्हाळ्यात कॉलेजने तो विषयच बंद केला आणि सरांच्या तासिका गेल्या. निरोप घ्यायला ते मुरब्याला आले. आय ओट्यावर सुकट निवडत होती. तिने चहा दिला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून सरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आणि विचारून जीभ चावली. आयने मान वर केली नाही.

"मी हाय, ही हाय. हिचा बापूस व्हता. तो बुडाला."

मी आत गेले आणि बाबांसाठी रडले. तीन वर्षांत मला ते जमलं नव्हतं. तोंड धुऊन बाहेर आले तर कप रिकामा होता आणि सर गेले होते. पुन्हा ते मला भेटले नाहीत.

"थांबत व्हते," आय म्हणाली. "मीच बोल्ली, जावा तुमी. पोरीला रडू द्या."