चार बोटं पाण्यावर चालणारी होडी

डेनार्ड गॅस्किल माझ्या थोरल्या बहिणीचा, अल्मेटाचा नवरा. कोअर साउंड या उथळ खाडीच्या आमच्या काठावर फ्लाउंडर मारणारी पंधरा-वीस माणसं होती, पण होडी ढकलण्यात डेनार्डचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हा चपटा मासा रात्री उथळ पाण्यात येतो आणि अंगावर वाळू ओढून पडून राहतो. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एक जण दिवा लावून भाला घेऊन उभा असतो आणि मागचा लांब काठीनं होडी आवाज न करता सरकवतो. अकरा वर्षं लायमन फुल्चर पुढे उभा राहिला आणि डेनार्ड मागे.

एका रात्री होडी वाळूवर चढली. ती लोटायला डेनार्ड पाण्यात उतरला. लायमनला दिव्याच्या उजेडात वाळू हललेली दिसली आणि त्यानं भाला हाणला, तो डेनार्डच्या डाव्या पायात. जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इथवर सगळा अपघात होता. डेनार्डनं तो पोटात घातलाही असता. पण लायमन धक्क्यावर जाऊन सांगत सुटला की डेनार्ड दारूनं झिंगला होता आणि तोल जाऊन स्वतःच भाल्यावर पडला.

डेनार्डनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. तो आमच्या चर्चचा डीकन होता, पाद्र्याच्या हाताखालचा मानाचा सेवक. पण लायमनचं तोंड गोड, आणि डेनार्ड मुळात चार शब्द बोलणारा नव्हे. एका रविवारी पाद्री ऑटिस घरी आले, चहा प्यायले आणि "थोडे दिवस डीकनच्या कामातून विश्रांती घ्या, ब्रदर डेनार्ड," म्हणून गेले. ते थोडे दिवस सहा वर्षं चालले.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात डेनार्डनं अंगणातल्या ओकखाली ज्युनिपरच्या फळ्या आणून टाकल्या. मी शेजारीच राहते. सकाळी उठले तर ठोकाठोक सुरू.

"हे काय नवीन?" मी अल्मेटाला विचारलं.

"होडी म्हणतोय. मला काही सांगत नाही. जेवताना पण भिंतीकडे बघून हसतो."

अठरा फुटांची, सपाट बुडाची होडी ती. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर तो उकळतं पाणी ओतायचा आणि दोर पिळून पिळून त्यांना नाळेकडे वळवायचा. मग होडी पालथी घालून त्यानं बुडाला आडव्या फळ्या मारल्या आणि सांध्यांत कापूस ठासला. मारलेला प्रत्येक खिळा तो अंगठ्यानं चाचपून बघायचा. नाळेवर त्यानं फळ्यांचा छोटा ओटा केला, त्याला कमरेइतका लोखंडी कठडा लावला आणि ओट्यावर एक कडं बसवलं, त्याच्या लाकडी पायाचं टोक नेमकं बसेल असं. वर मोडक्या ट्रकच्या सीटचा पट्टा, कमरेला आवळायला.

एक दिवस लायमननं रस्त्यावर गाडी थांबवली. "काय रे डेनार्ड, डुकरांना दाणा घालायचं कुंड करतोयस की काय?"

डेनार्डच्या तोंडात खिळे होते.

"एका पायावर नाळेवर उभा राहणार तू? पडलास तर मला हाक मार. मला सवय आहे."

डेनार्डनं एकेक करून खिळे तोंडातून काढले. "लायमन, तुझ्या होडीला पाणी किती लागतं?"

"हातभर. का?"

"काही नाही. माप घेत होतो."

दिवे त्यानं बॅटरीवर चालणारे लावले. बाकीच्यांच्या दिव्यांचा जनरेटर दोन मैलांवर ऐकू जातो, बॅटरी बोलत नाही. होडी उतरवल्यावर दोन दिवस ती पाणी भरून ठेवली. फळ्या फुगून सांधे गच्च मिटल्यावर पाणी उपसलं. नंतर ती चार बोटं पाण्यावर पानासारखी उभी राहिली. आणि मागच्या फळीवर काळ्या रंगात नाव लिहिलं होतं: 'लायमनची साक्ष'.

अल्मेटा रडकुंडीला आली. "लोकांच्या होड्यांवर बायकांची नावं असतात, डेनार्ड!"

"तू माझ्याबद्दल खोटं बोलली असतीस तर तुझं घातलं असतं."

आता मागे काठी धरायला कोण? मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि वीस वर्षं कालवं ओढून माझे दंड पुरुषासारखे झालेले. मीच म्हणाले, "मी येते." मला कुणी आग्रह केला नव्हता. माझ्याही पोटात सहा वर्षं तेच जळत होतं.

शरदात फ्लाउंडर समुद्राकडे निघतात. लायमनच्या सगळ्या जागा डेनार्डला पाठ होत्या, कारण त्यानंच त्याला तिथे नेलं होतं. आम्ही लायमनच्या आधी पोचायचो. महिनाभरात लायमन धक्क्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन येऊ लागला. बाकीचे त्याला विचारायचे, "काय कॅप्टन, मासे पण झिंगलेत काय?" मी ते ऐकायला मुद्दाम थांबायचे.

शेवटी लायमन आमच्या मागावर राहू लागला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याच्या जनरेटरची घरघर मागे ऐकू आली. डेनार्डनं तोंड वर करून वारा हुंगला.

"बारापर्यंत वायव्येचा वारा सुटेल," तो म्हणाला. आमच्याकडे पाणी वाऱ्यावर चालतं. वायव्येचा वारा आमच्या काठचं पाणी ओढून पलीकडे नेतो.

"मग घरी जाऊया."

"नाही. चर्चसमोरच्या गवताआड चल. हळू चल. त्याला दिवा दिसू दे."

मला कळलं. मी हळू चालवली.

वारा आला आणि बघता बघता पाणी उतरलं. मागून मोटरचा किंचाळल्यासारखा आवाज आला आणि ती बंद पडली. लायमनची जड होडी चिखलात बसली होती. आम्ही वळून त्याच्या भोवती फिरलो. त्याच्याच दिव्याच्या उजेडात डेनार्डनं सात मासे मारले, आमच्याही होडीला चिखल लागेपर्यंत.

"दोर टाक, डेनार्ड!"

"काय झालं होतं त्या रात्री?"

लायमन शिव्या देत राहिला. नंतर खाली बसला. "बरं, माझ्या हातून झालं. बस? टाक आता दोर."

"मला माहीत आहे. मला कशाला सांगतोस?" डेनार्ड म्हणाला, आणि मला निघायची खूण केली. मागून हाका येत होत्या. मला एकदाही थांबावंसं वाटलं नाही.

सकाळी वारा तसाच होता. चर्चला आलेला सारा गाव काठावर उभा. चारशे हातांवर लायमन होडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, मधे चिखल आणि पाण्याचा पातळसा पापुद्रा. तिथे जाऊ शकेल अशी होडी एकच होती. डेनार्ड इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पाद्री ऑटिसना म्हणाला, "बसा, ब्रदर. आपण त्याला आणू."

काठी माझ्याच हातात होती, म्हणून हे मी कानांनी ऐकलं. लायमन थंडीनं निळा पडला होता, वाऱ्यानं ओठ फुटले होते. तो आमच्या होडीत पाय टाकायला उठला, तशी डेनार्डनं भाल्याची मागची बाजू त्याच्या छातीला लावली. जोरात नाही. नुसती टेकवली.

"आधी बोल."

"ब्रदर डेनार्ड, हे बरं नव्हे," पाद्री म्हणाले.

"सहा वर्षं तुम्हाला बरं वाटलं ना? मग आणखी पाच मिनिटं बसा."

लायमन बोलला. "दारू नव्हती. भाला मीच मारला, आणि हे मला तेव्हाच ठाऊक होतं." काठावर आल्यावर पाद्र्यांनी तेच सगळ्यांपुढे सांगितलं. लायमन मान खाली घालून चालत गेला, आणि त्याची बायको त्याच्या दहा पावलं मागून.

डीकनचं पद परत द्यायला लोक घरी आले. डेनार्डनं दारातूनच सांगितलं, "जागा ठेवा तुमच्याकडे." तो चर्चला जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, आणि उठताना सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघायचा. लोकांना ते सोसायचं नाही. मला वाटतं, त्यासाठीच तो जायचा.

लायमन पुढच्या वर्षी मुलीकडे राहायला गेला. आम्ही आणखी आठ हंगाम मासे मारले. लायमन वारल्याची बातमी आली तेव्हा अल्मेटानं अंत्यविधीसाठी डेनार्डचा काळा कोट काढून ठेवला. डेनार्ड शिंपल्यांचं कालवण खात होता.

"येणार नाहीस?"

"गेलो असतो," तो म्हणाला. "पण लोकांना वाटलं असतं, मी माफ केलं."

आणि त्यानं वाटी पुढे केली.