पाहुण्यांसाठी मेंढी

बुरुलबाईंनी जन्मभर दुसरीच्या पोरांना शिकवलं. आवाज करडा, पण पोराला ताप आला की स्वतःच्या घरचं दूध घेऊन जाणारी बाई. पोरं त्यांना एजे म्हणायची, म्हणजे ताई. नवरा लवकर गेला, लेक राजधानीत, बिश्केकला नांदायला गेली. मग वर्ग हाच संसार.

त्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला आणि रातोरात गोठला. खालचं गवत जनावरांना उकरता येईना. कळपच्या कळप मेले. कर्ते बाप्ये कामाला रशियात गेले आणि वर्गातली पोरं मुकी झाल्यासारखी बसू लागली. बुरुलबाईंना ते बघवेना. राजधानीतल्या एका मदतसंस्थेमागे त्या हात धुऊन लागल्या: पोरांना उभारी येईल अशी पुस्तकं द्या हो. संस्था हो म्हणाली, वर म्हणाली, आम्ही स्वतः येऊन देतो. बाई हरखल्या. हरखतील नाही तर काय!

पण पाहुणे येणार म्हणजे मेंढी कापणं आलं. हेडमास्तर जापारने गाव जमवलं, तर सगळे जमिनीकडे बघत बसले. शेवटी म्हातारा तोकोन उठला. दारात एकच मेंढी उरलेली, तीही नातीने, कुंदुझने, चुलीपाशी निजवून बाटलीने दूध पाजून जगवलेली. हिच्यापासून पुन्हा कळप उभा करू, असं तिचा बाप रशियातून फोनवर सांगायचा. माझी घ्या, एवढंच म्हणून म्हातारा खाली बसला.

कुंदुझ बाईंच्याच वर्गातली. बाई तरातरा जापारकडे गेल्या. बटाटे उकडा, पाव-लोणी ठेवा, गावावर काय गुजरलंय ते काय पाहुण्यांना ठाऊक नाही? जापार म्हणाला, पुस्तकं तुम्हीच मागितलीत ना, मग आता गावाचं नाक का कापताय? तिथून त्या तोकोनकडे गेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बुरुल, पोरी, जनावरं तर गेलीच. आता दारात पाहुण्याला द्यायलाही काही नाही, असं म्हणू?"

बाई आल्या पावली परतल्या.

ठरल्या दिवशी सकाळीच मेंढी कापली. दुपारी चकचकीत गाड्या आल्या. पुस्तकं देखणी होती, खोटं कशाला बोलू. संकटांपुढे न हरणाऱ्या पोरांच्या गोष्टी, जाड कागद, रंगीत चित्रं. संस्थेच्या साहेबांनी भाषण ठोकलं की शूर मुलं रडत नाहीत. मग कुंदुझला वाचायला उभं केलं, कारण तिच्याइतकं सफाईदार वर्गात कुणीच वाचत नसे. कुठेही न अडखळता तिने पानभर वाचलं. टाळ्या पडल्या.

जेवणाला मेंढीचं शिजवलेलं डोकं रीतीप्रमाणे साहेबांपुढे आलं. साहेब शहरी, पण रीत विसरलेले नव्हते. डोक्याचा कान कापून लहान पोराला द्यायचा असतो, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकतं. त्यांनी कान कापला आणि कौतुकाने चहूकडे पाहिलं.

"ती छान वाचणारी मुलगी कुठंय? ये गं बाळ, हा तुझा."

बुरुलबाई अर्धवट उठल्या. तिला राहू द्या साहेब, म्हणाल्या. साहेब हसले, त्यांना वाटलं पोर लाजतेय. जापारने डोळे वटारले. तोकोनने मान वर केली नाही. कुंदुझने बाईंकडे पाहिलं, खावाच लागेल का, असं विचारल्यासारखं. वर्गात ती असं बघायची तेव्हा बाई लगेच उत्तर द्यायच्या.

बाई खाली बसल्या.

पोरीने दोन्ही हातांनी कान घेतला, सगळ्यांदेखत चावून चावून गिळला आणि शिकवल्याप्रमाणे आभार मानले. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

गाड्या गेल्यावर बाई अंगणातली भांडी गोळा करत होत्या. कुंदुझ पुस्तक छातीशी धरून जवळ आली. बाईंना वाटलं, आता रडेल, म्हणून त्यांनी हातातली भांडी खाली ठेवली. पण ती रडली नाही.

"एजे, पुढच्या वर्षी पुस्तकं मागू नका हं," ती म्हणाली. "आमच्याकडे आता मेंढी नाही."